भुवयांची अर्धस्थायी रंगभूषा

भुवईच्या जागी त्वचेत सुईने किंवा सूक्ष्म पात्याने रंगद्रव्य सोडून विरळ झालेल्या केसांचा आभास निर्माण करण्याच्या प्रक्रियेला भुवयांची अर्धस्थायी रंगभूषा म्हणतात. हाताने चालवायच्या पात्याने केसासारख्या बारीक रेघा ओढल्या तर त्या पद्धतीला मायक्रोब्लेडिंग, आणि यंत्राच्या सुईने ठिपके देऊन सावलीसारखी फिकट छटा आणली तर पावडर ब्रो असे नाव आहे. तांत्रिकदृष्ट्या हे दोन्ही गोंदणाचेच प्रकार होत. रजोनिवृत्तीच्या आसपास किंवा त्यानंतर भुवया विरळ झालेल्या स्त्रियांमध्ये हा उपचार लोकप्रिय आहे. मात्र तरुण त्वचेवर शोभणारी पद्धत, रंग किंवा आकार प्रौढ त्वचेवर तसाच शोभतो असे नाही. प्रौढ स्त्रियांच्या बाबतीत निवडीचा प्रश्न भुवई नेमकी कशामुळे विरळ झाली इथपासून सुरू होतो.

भुवई आणि वय

भुवईचे केस डोक्याच्या केसांपेक्षा फार कमी काळ वाढतात. डोक्यावरील केसाची वाढीची अवस्था साधारण २ ते ६ वर्षे चालते. भुवईच्या केसाची काही आठवड्यांतच संपते. त्यामुळे भुवया न कापताही आखूड राहतात. कपाळावरून ओघळणारा घाम व पाणी डोळ्यांत जाऊ न देणे हे त्यांचे शारीरिक कार्य मानले जाते. पण चेहऱ्याची ओळख आणि भाव यांतील त्यांचा वाटा त्याहून मोठा असावा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील जाविद सद्र, इझ्झत जारूदी व पवन सिन्हा यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रसिद्ध व्यक्तींच्या छायाचित्रांतून एकदा डोळे आणि एकदा भुवया पुसून टाकण्यात आल्या. डोळे नसलेल्या चेहऱ्यांपेक्षा भुवया नसलेले चेहरे ओळखणे लोकांना अधिक अवघड गेले. भुवया गेल्यावर आरशातला चेहरा परका वाटतो, ही अनेक स्त्रियांची तक्रार त्यामुळे निव्वळ हौसेची ठरत नाही.

वाढत्या वयात भुवईचे केस विरळ, बारीक व पांढरे होतात. विरळपणा बहुधा बाहेरच्या टोकाकडे, म्हणजे शेपटीकडे, आधी जाणवतो. त्वचाही बदलते. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतील कोलॅजेन सुमारे ३० टक्क्यांनी घटते, असे सामान्यतः सांगितले जाते. त्वचा पातळ, कोरडी व सैल होते, जखम भरायला अधिक वेळ लागतो आणि साध्या खरचटण्यानेही रक्त साकळते. भुवईची शेपटी खाली उतरते. वरच्या पापणीची सैल त्वचा डोळ्यावर आली, तर ती सावरण्यासाठी अनेकजणी नकळत कपाळाचे स्नायू आकसून भुवया सतत वर धरून ठेवतात. भुवया आखून घेताना ही सवय लक्षात घेतली नाही, तर आकार चुकतो.

विरळपणाची कारणे

भुवई विरळ होणे हे दरवेळी वयाचेच लक्षण नसते. अवटू ग्रंथीचा स्राव कमी पडला की भुवईचा बाहेरचा तिसरा हिस्सा झडू शकतो. बेल्जियन वैद्य यूजीन हर्टोग यांच्या नावाने हे लक्षण ओळखले जाते. ते याच आजाराचे आहे असे खात्रीने म्हणता येत नाही, तरी रक्ताच्या साध्या चाचणीने शंका फिटते. लोहाची कमतरता, चाई, त्वचेचा दाह आणि काही औषधे हीही कारणे असू शकतात. कुष्ठरोगाच्या एका प्रकारात भुवया झडतात. भारतात हा रोग अजून आढळतो, आणि तो औषधांनी पूर्ण बरा होतो. म्हणून भुवया झडण्याबरोबर त्वचेवर बधिर चट्टे किंवा गाठी असतील, तर ब्युटी पार्लरऐवजी दवाखान्याची वाट धरणे आवश्यक ठरते.

प्रौढ स्त्रियांच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा आजार म्हणजे फ्रंटल फायब्रोझिंग अलोपेशिया. ऑस्ट्रेलियातील त्वचारोगतज्ज्ञ स्टीव्हन कोसार्ड यांनी १९९४ साली रजोनिवृत्त स्त्रियांमध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. यात कपाळावरची केसांची रेषा हळूहळू मागे सरकते आणि केशमुळांच्या जागी व्रणऊतक तयार होते. भुवया जाणे हे त्याचे नेहमीचे लक्षण असून काही रुग्णांत ते कपाळावरचे केस जाण्याच्या आधीच दिसते. गेलेले केस सहसा परत येत नाहीत, पण वेळेत औषधोपचार झाल्यास पुढची हानी रोखता येऊ शकते. अशा वेळी भुवया नुसत्या रंगवून घेतल्या, तर आजाराची खूण झाकली जाते आणि आजार तसाच पुढे चालू राहतो.

कर्करोगाच्या रसायनोपचारात झडलेल्या भुवया उपचार संपल्यावर बहुतेकदा पुन्हा येतात. अनेक वर्षे चिमट्याने उपटून किंवा दोऱ्याने कोरून अति बारीक केलेल्या भुवया मात्र पूर्ववत होतीलच असे नाही. वारंवार उपटल्याने केशमुळे कायमची निकामी होऊ शकतात. १९९०च्या दशकात बारीक भुवयांची फॅशन होती. त्या काळी तरुण असलेल्या कित्येकजणी आज पन्नाशीत त्याचे परिणाम पाहत आहेत.

इतिहास

चेहऱ्यावर सुईने रंग भरण्याची प्रथा जगाच्या अनेक भागांत जुनी आहे. महाराष्ट्रात स्त्रियांच्या कपाळावर, भुवयांच्या मध्ये, हनुवटीवर आणि हातांवर गोंदण्याची रीत विसाव्या शतकातही सर्रास होती. सौंदर्योपचार म्हणून व्यावसायिक गोंदण लंडनमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाले. तेथील सदरलँड मॅकडॉनल्ड गालांवर कायमची गुलाबी छटा गोंदून देत असे, आणि पुढे जॉर्ज बर्चेट हा अशा कामांसाठी प्रसिद्ध झाला. वैद्यकीय साहित्यात या विषयाला जोर आला तो १९८४ नंतर. त्या वर्षी अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ जिओरा अँग्रेस यांनी पापणीच्या कडेला कायमची काजळरेषा गोंदण्याची पद्धत मांडली. हाताने रेघा ओढून भुवया भरण्याची पद्धत पूर्व आशियात रुळली, तर मायक्रोब्लेडिंग हा शब्द २०१०च्या दशकात जगभर पसरला.

आजीच्या हातावरचे गोंदण पाहिलेल्या कोणालाही या उपचाराची मूळ अडचण वेगळी समजावून सांगावी लागत नाही. कोवळ्या वयात काढलेली काळी, रेखीव तुळस म्हातारपणी निळसर-हिरवट आणि पसरट दिसते. त्वचेतला रंग जागच्या जागी राहत नाही आणि त्याची छटाही तीच राहत नाही. भुवईच्या बाबतीत हे चेहऱ्याच्या मध्यभागी घडते.

रंग त्वचेत कसा टिकतो

बाह्यत्वचा जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असते. तिच्या पेशी सतत झडत असल्याने तेवढ्यातच राहिलेला रंग काही आठवड्यांत निघून जातो. टिकण्यासाठी तो खालच्या अंतस्त्वचेच्या वरच्या भागात पोचावा लागतो. तेथे शरीर त्याला परका पदार्थ समजते आणि महाभक्षी पेशी त्याचे कण गिळतात. कण मोठे असल्याने त्यांना ते पचवता येत नाहीत. फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी २०१८ साली उंदरांवरील प्रयोगातून दाखवले, की रंग धरून ठेवणारी महाभक्षी पेशी मेल्यावर सुटलेले कण नवी महाभक्षी पेशी गिळते. गोंदण वर्षानुवर्षे टिकते ते या हस्तांतरामुळे.

अर्धस्थायी रंगभूषेत रंग कमी खोलवर आणि कमी प्रमाणात सोडला जातो. तो साधारण १ ते ३ वर्षांत फिकट होतो. पूर्णपणे जातोच असे नाही. ‘अर्धस्थायी’ या शब्दाने बहुतेकींचा गैरसमज होतो तो येथेच. फिकट होणे आणि नाहीसे होणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पातळ त्वचेत पाते किंचित खोल गेले तरी ‘अर्धस्थायी’ काम स्थायी होते. सूर्यप्रकाश, चेहऱ्याला लावायची रेटिनॉइडयुक्त मलमे, त्वचेचा तेलकटपणा आणि रंगद्रव्याचा प्रकार यांवरही टिकाऊपणा अवलंबून असतो. लोहाच्या ऑक्साइडांपासून केलेल्या तपकिरी मिश्रणांची छटा पुढे लालसर होते, तर कार्बनयुक्त काळे रंग राखाडी-निळसर होतात.

पद्धतीची निवड

मायक्रोब्लेडिंगमध्ये एका ओळीत बसवलेल्या सुयांचे पाते हाताने फिरवून प्रत्येक रेघ ओढली जाते. घट्ट, कोरड्या ते सामान्य आणि मूळचे केस बऱ्यापैकी शिल्लक असलेल्या त्वचेवर ही पद्धत अत्यंत नैसर्गिक दिसते, कारण खरे केस आणि रेघा एकमेकांत मिसळून जातात. सैल व सुरकुतलेल्या त्वचेवर मात्र पाते सरळ चालत नाही. त्वचा ताणून ओढलेली रेघ सोडल्यावर वाकडी होते. पातळ त्वचेत रेघेभोवती रंग पसरतो आणि काही महिन्यांत शेजारच्या रेघा एकमेकींत मिसळून पट्टा तयार होतो. पात्याने पडणारी जखम ही शेवटी चीर असते. त्याच जागी दर वर्षी पुन्हा चिरा दिल्या तर सूक्ष्म व्रण साचत जातात.

पावडर ब्रोमध्ये सुई त्वचा चिरत नाही, ती टोचते. ठिपक्यांच्या विरळ-दाट मांडणीने पेन्सिल किंवा पावडर लावल्यासारखी मऊ छटा दिसते. रेघ मुळातच नसल्याने ती पसरण्याचा प्रश्न येत नाही, आणि रंग फिकट होतानाही तो बऱ्यापैकी एकसारखा उतरतो. त्यामुळे प्रौढ, पातळ किंवा तेलकट त्वचेसाठी बहुसंख्य अनुभवी कारागीर हीच पद्धत सुचवतात. तिचा दोष असा, की हात जड पडला तर भुवई शिक्का मारल्यासारखी दिसते. नाकाकडची सुरुवात जवळजवळ पारदर्शक ठेवून शेपटीकडे छटा हळूहळू गडद करत नेणे, ही तिच्या कौशल्याची कसोटी असते. यंत्राच्या एकाच अति बारीक सुईने केसासारख्या रेघा काढण्याच्या प्रकाराला नॅनो ब्रो म्हणतात. त्यात पात्याच्या तुलनेत त्वचेला कमी इजा होते, असे मानले जाते. सुरुवातीला थोड्या रेघा आणि उरलेल्या भागात छटा असा मिश्र प्रकारही प्रचलित आहे.

आकार आणि रंग

भुवईच्या मापाचा एक जुना ठोकताळा १९७०च्या दशकात रंगभूषाकार वेस्टमोर यांनी मांडला. नाकपुडीच्या बाहेरच्या कडेवरून सरळ वर भुवईची सुरुवात, बुबुळाच्या बाहेरच्या कडेच्या वर कमान, आणि नाकपुडीपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून जाणाऱ्या तिरप्या रेषेवर तिचा शेवट असे हे माप आहे. प्रौढ चेहऱ्यावर ते जसेच्या तसे लागू केले की शेपटी बरीच खाली येते. आधीच उतरलेल्या शेपटीवर रंग भरला तर चेहरा खिन्न व दमलेला दिसतो. म्हणून शेपटी थोडी आखूड ठेवून तिचे टोक सुरुवातीच्या पातळीच्या खाली जाऊ न देण्याकडे कल असतो. उलट कमान फार उंच नेली तर कायमचे आश्चर्य चेहऱ्यावर उमटते. हे दोष पेन्सिलीत खपतात, गोंदणात नाही.

आखणी बसलेल्या स्थितीत, कपाळ सैल सोडून आणि शक्य तर डोळे मिटून घेऊन करावी लागते, कारण आडवे झाल्यावर सैल त्वचा कानांकडे सरकते. दोन्ही बाजू काटेकोर सारख्या करण्याचा आग्रहही फसवा असतो. बहुतेक चेहरे मुळातच असमान असतात, आणि बोलताना-हसताना दोन भुवया वेगवेगळ्या हलतात. पापणीची शस्त्रक्रिया करायची असेल तर ती आधी व्हावी. कपाळात बोट्युलिनम विषाची इंजेक्शने घेतलेली असल्यास भुवईची जागा तात्पुरती बदललेली असते आणि काही महिन्यांनी औषधाचा परिणाम ओसरल्यावर ती पुन्हा सरकते, याचाही विचार करावा लागतो.

रंग डोक्यावरील केसांपेक्षा एक छटा फिका घेणे हा सर्वसाधारण नियम आहे. काळ्याभोर कलप लावलेल्या केसांशी भुवया जुळवल्या आणि काही वर्षांनी कलप सोडला, तर पांढऱ्या केसांखाली काळ्या भुवया उरतात. म्हणून पुढे केस पांढरे ठेवण्याचा विचार असणाऱ्यांना राखाडी-तपकिरी मध्यम छटा सोयीची पडते. भारतीय वर्णाच्या त्वचेत रंगद्रव्य मेलॅनिनच्या थराखाली असते आणि त्यातून गाळून दिसते. नमुनापत्रावरचा रंग त्वचेत तसाच उतरत नाही. पहिल्या भेटीत अपुरा वाटेल इतका कमी रंग भरणे श्रेयस्कर ठरते. वाढवणे सोपे असते, कमी करणे अतिशय कठीण.

प्रक्रिया आणि भरून येणे

बधिरता आणणारे मलम लावून, निर्जंतुक व एकदाच वापरायच्या सुयांनी साधारण दोन ते तीन तासांत काम होते. पहिले काही दिवस रंग अपेक्षेपेक्षा बराच गडद दिसतो. पुढे पातळ खपल्या धरून पडतात, तेव्हा रंग जवळजवळ गेल्यासारखा वाटतो, आणि नवी बाह्यत्वचा स्थिरावल्यावर तो पुन्हा उठून येतो. खरा परिणाम चार ते सहा आठवड्यांनी कळतो. प्रौढ त्वचेत त्याहून उशिरा. दुरुस्तीची दुसरी भेट त्यानंतरच दिली जाते. घरात लग्नकार्य असेल तर ऐन तोंडावर हा उपचार करून घेणे त्यामुळे गैरसोयीचे ठरते. किमान दोन महिन्यांचे अंतर सुरक्षित मानता येईल.

धोके

जंतुसंसर्ग, रंगाची अ‍ॅलर्जी, गाठी होणे, व्रण वाढणे आणि त्वचा काळवंडणे हे मुख्य धोके आहेत. शेवटचे दोन सावळ्या त्वचेत अधिक आढळतात. उपकरणे निर्जंतुक नसल्यास हेपॅटायटिस बी व सी यांचा प्रसार होऊ शकतो. रंगाची सीलबंद बाटलीही निर्धोक असतेच असे नाही: २०११ साली न्यू यॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे शरीरावर गोंदून घेतलेल्या १९ जणांना झालेला मायकोबॅक्टेरियाचा संसर्ग, उत्पादनाच्या वेळीच दूषित झालेल्या राखाडी शाईमुळे होता. सार्कॉइडोसिस या आजाराच्या गाठी कधी कधी प्रथम गोंदलेल्या भुवयांतच उमटतात.

मधुमेह अनियंत्रित असल्यास जखम भरायला विलंब लागतो आणि संसर्गाचा संभव वाढतो. हृदयविकार किंवा पक्षाघातासाठी रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांना रक्तस्राव अधिक होतो व त्याबरोबर रंगही वाहून जातो. परंतु केवळ सौंदर्योपचारासाठी ही औषधे स्वतःहून थांबवणे जिवावर बेतू शकते. तो निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच असतो. रसायनोपचार चालू असताना हा उपचार टाळला जातो. गोंदण असलेल्यांची एमआरआय तपासणी धोक्याची असते, अशी भीती पूर्वी व्यक्त होई. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३३० गोंदलेल्या व्यक्तींपैकी केवळ एकीत गोंदणामुळे सौम्य त्रास नोंदवला गेला. तरी तपासणीपूर्वी तंत्रज्ञाला तसे सांगितले जावे.

बिघडलेले काम काढून टाकणे हा वेगळाच प्रश्न आहे. लेसरने काळे रंग चांगले फुटतात. भुवयांसाठीच्या तपकिरी मिश्रणांत मात्र लोहाचे ऑक्साइड व टायटॅनियम डायऑक्साइड असते, आणि लेसरच्या उष्णतेने त्यांची रासायनिक अवस्था बदलून फिकट तपकिरी भुवई क्षणात काळी पडू शकते. म्हणून आधी लहानशा जागी चाचणी घेतली जाते. जुन्या निळसर भुवईवर नारिंगी झाक असलेला रंग भरून ती झाकण्याचाही प्रयत्न होतो, पण त्याने त्वचेतील रंगाचा साठा आणखी वाढतो.

त्वचा न टोचणारे पर्याय

भुवया बऱ्यापैकी शिल्लक असतील, तर पांढरे व फिके केस रंगवण्यानेच त्या दुप्पट दाट भासतात. अशा रंगांत पॅराफिनायलिनडायअमिन हे द्रव्य असल्यास तीव्र अ‍ॅलर्जी होऊ शकते. वर्षानुवर्षे कलप लावणाऱ्या स्त्रियांत ही संवेदनशीलता आधीच निर्माण झालेली असू शकते, त्यामुळे ४८ तास आधी त्वचेवर चाचणी घेणे अत्यावश्यक असते. ‘काळी मेंदी’ या नावाने विकल्या जाणाऱ्या मिश्रणांतही बहुधा हेच द्रव्य असते. निव्वळ मेंदीचा रंग तांबूस येतो. पेन्सिल, पावडर आणि रंगीत जेल हे पर्याय रोजचे काम मागतात, मात्र चेहरा बदलला तसा आकारही बदलता येतो. हात थरथरणे किंवा जवळचे न दिसणे यांमुळे रोज पेन्सिल धरणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी अर्धस्थायी रंगभूषेचे मूल्य खरोखरच मोठे आहे.

औषधांपैकी मिनॉक्सिडिल व बिमाटोप्रोस्ट यांचा भुवयांसाठी काही उपयोग दिसला आहे. बिमाटोप्रोस्टला अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळाली ती पापण्यांच्या केसांसाठी. भुवयांसाठीचा वापर त्या मान्यतेबाहेरचा असून तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच केला जातो. केशरोपण हा खऱ्या केसांचा एकमेव शस्त्रक्रियात्मक मार्ग आहे. डोक्यावरून आणलेले केस भुवईत आल्यावरही डोक्याच्या केसांसारखेच वाढत राहतात आणि नियमित कापावे लागतात. फ्रंटल फायब्रोझिंग अलोपेशिया सक्रिय असताना रोपण केलेले केसही गळून जाऊ शकतात.

नियमन

युरोपीय संघाने ४ जानेवारी २०२२ पासून गोंदणाच्या शाया आणि स्थायी रंगभूषेची रंगद्रव्ये यांतील हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्वचेत टोचण्यासाठी कोणत्याही रंगद्रव्याला मान्यता दिलेली नाही, तेथे कारागिरांचे परवाने राज्य किंवा स्थानिक पातळीवर दिले जातात. भारतात ही सेवा ब्युटी पार्लर, स्वतंत्र स्टुडिओ आणि त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत मिळते. कारागिराचे काम पारखताना नुकत्याच केलेल्या भुवयांची छायाचित्रे फारशी उपयोगी नसतात, कारण त्या दिवशी जवळजवळ प्रत्येक भुवई रेखीव दिसते. आपल्याच वयोगटातील व आपल्यासारख्याच त्वचेच्या स्त्रियांची, काम होऊन वर्ष-दोन वर्षे उलटल्यानंतरची छायाचित्रे मागणे अधिक उपयुक्त असते.